प्रयोगशाळेचा शब्द

कोणी आजारी पडलें म्हणजे समाचारास गेलेला मनुष्य पूर्वीं "प्रकृति कशी आहे?" असें विचारीत असे. ताप किती दिवसांचा, अन्न जातें कीं नाहीं, झोंप लागते कीं नाहीं, ह्या सर्वांना त्या एका प्रश्नांत वाव होता, आणि उत्तर रोग्यानें स्वतः दिलें तरी चालत असे. अलीकडे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठच्या कोणत्याहि गांवीं जा, तो प्रश्न मागें पडून त्याच्या जागीं "रिपोर्ट काय आला?" हा प्रश्न आलेला दिसेल. ह्याचें उत्तर रोगी देऊं शकत नाहीं. तें एका कागदावर असतें, आणि तो कागद तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेंतून आलेला असतो. प्रश्नांतला हा पालट आम्हांस नुसता भाषेचा वाटत नाहीं. मनुष्य आजारी आहे हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, रोग्याचा, वैद्याचा, शेजाऱ्यांचा, सरकारचा कीं यंत्राचा, ह्या जुन्या वादाचा निकाल आपण नकळत लावून टाकला आहे. निकाल बरोबर असेलहि. परंतु दोन्ही बाजू न ऐकतां लागलेला निकाल एकदां उलगडून पाहणें बरें.

आमचा व्यवसाय वैद्यकाचा नाहीं. तर्कशास्त्राच्या वर्गांत पर्वत, धूर आणि अग्नि ह्यांच्या भांडवलावर आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्यामुळें प्रयोगशाळेचा कागद हातीं आला म्हणजे पहिला विचार मनांत येतो तो असा कीं, हें कोणतें प्रमाण? प्रत्यक्ष, अनुमान कीं शब्द?

सामान्य समज असा कीं तें प्रत्यक्ष आहे. यंत्रानें जंतु पाहिला, आणि पाहिल्यावर वाद कसला? हिवतापाच्या बाबतींत हें बरेंचसें खरेंहि आहे. १८८० सालीं लाव्हराँ ह्या फ्रेंच वैद्यानें रोग्याच्या रक्तांत हिवतापाचा परोपजीवी पाहिला, आणि १८९७ च्या ऑगस्टांत रोनाल्ड रॉस ह्यास सिकंदराबादेस तोच डांसाच्या पोटांत सांपडला. आजहि कांचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं तो डोळ्यांनीं पाहतात. परंतु पुष्कळशा तपासण्यांत जंतु असा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. विडालच्या परीक्षेंत नळींतल्या गढूळ पाण्यांत गुठळ्या धरतात; पट्टीवरील परीक्षेंत एक रंगीत रेघ उमटते; आर.टी.-पी.सी.आर. म्हणून जी परीक्षा २०२० पासून घरोघर ठाऊक झाली तिच्यांत पडद्यावर एक वक्ररेषा वर चढते. गुठळी, रेघ आणि वक्ररेषा हा धूर. त्यावरून जंतु आहे असें म्हणावयाचें तें अनुमान. आणि अनुमान म्हटलें कीं व्याप्तीचा प्रश्न आला. जेथें जेथें ही रेघ तेथें तेथें तो जंतु, हें कशावरून? धूर म्हणून जें दिसलें तें धुकें नव्हतें कशावरून?

हा झाला प्रयोगशाळेंत बसलेल्या माणसाचा विचार. तो कागद रोग्याच्या आणि गांवाच्या हातीं पडला म्हणजे त्याचें रूप पुन्हां पालटतें. आतां तो शब्द होतो, आप्तवाक्य होतें. नैयायिकांनीं शब्दाला प्रमाण मानलें तें दोन अटींवर: बोलणाऱ्यास वस्तूचें यथार्थ ज्ञान असलें पाहिजे, आणि तें आहे तसें सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. यंत्राला इच्छा नाहीं, म्हणून तें खोटें बोलत नाहीं, असें आपण मानतों. पण ज्याला इच्छा नाहीं त्याला आपलें म्हणणें कोठें संपतें हेंहि सांगतां येत नाहीं.

प्रयोगशाळा नव्हती तेव्हां काय होतें हें आठवल्याशिवाय तिच्याविषयीं असें बोलणें कृतघ्नपणाचें होईल. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेगचा पहिला उघड बोभाटा झाला. जंतूचा शोध यर्सिन ह्यानें हाँगकाँगांत १८९४ सालींच लावला होता. परंतु मुंबई इलाख्यांतील प्रत्येक संशयिताची गांठ टोंचून तींतला स्राव सूक्ष्मदर्शकाखालीं धरणें कोणास शक्य होतें? म्हणून परीक्षा करावयाची ती हातानें. आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंच्या कांखा आणि जांघा चांचपून पाहत. पुण्यांत गोरे सोजीर घरांत शिरून माजघरापर्यंत जात. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्यानें ह्या हाताला अधिकार दिला. त्या अपमानाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर झाडलेल्या गोळींत झाला, हें शाळेच्या पुस्तकांत असतें. पुस्तकांत बहुधा नसतें तें हें कीं लोक रोगी लपवूं लागले. तपासणीनंतर जें पुढें येत असे, इस्पितळ, छावणी, सामानाची जाळपोळ, त्याची भीति रोगापेक्षां मोठी झाली. आणि ज्याची परीक्षा करावयाची तो परीक्षकाच्या समोर येईनासा झाला. सर्वांत वाईट परीक्षा ती कीं जिला रोगीच मिळत नाहीं.

त्याच काळीं आमच्या ह्या मुलखांत एक दुसरी परीक्षा चालत होती. तिला ना हत्यार लागे ना हुकूम. घरांत उंदीर पडला कीं गांव उठत असे. माळावर झोंपड्या पडत. उंदीर मरावयाचे थांबले, कांहीं आठवडे गेले, म्हणजे लोक घरीं परतत. उंदराच्या अंगावरील पिसवांतून हा रोग माणसांत येतो हें सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें, आणि शास्त्रज्ञांच्या मंडळींस तें पटावयास त्यानंतरहि कांहीं वर्षें गेलीं. धूर कोणता आणि अग्नि कोणता हें चूल सांभाळणाऱ्या बायकांना त्या मानानें लवकर उमगलें होतें. परंतु त्या परीक्षेचा आम्हांस जास्त भावणारा गुण निराळाच आहे. तिचा निकाल जागेवर लागत असे, माणसावर नव्हे. उंदीर पडला तर गांव वाईट ठरे आणि सारें गांव सारखेंच बाहेर पडे. कोणा एकाच्या कपाळीं कांहीं लिहिलें जात नसे. आणि रोगी होतेच त्यांच्याजवळ जाण्यास कांहीं माणसें परीक्षेची वाट पाहत नसत. आमच्या जिल्ह्यांतल्या नायगांवच्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं पुण्यास प्लेगनें वारल्या, त्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां.

तेव्हां चांचपणारा हात जाऊन त्याच्या जागीं रक्ताचा एक थेंब आला, ही मनुष्याच्या अब्रूच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. परळ येथें १८९९ पासून नांदणाऱ्या प्लेगच्या प्रयोगशाळेला १९२५ सालीं हाफकिनचें नांव मिळालें. १९५२ मध्यें पुण्यास विषाणूंच्या अभ्यासाची संस्था निघाली. मिरजेस तर डॉ. वॉनलेस ह्यांच्या इस्पितळाच्या निमित्तानें १८९४ पासून नव्या वैद्यकाचें पीठच होतें. हें सारें नसतें तर काय झालें असतें हें मनांत आणवत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, थेंबानें दिलेल्या साक्षीचें आपण काय करतों?

तापाच्या रोग्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीं "विडाल करून आणा" अशी चिठ्ठी मिळते, हा आमच्याकडचा नित्याचा अनुभव. फेर्नां विडाल ह्यानें ही परीक्षा १८९६ सालीं, म्हणजे मुंबईस प्लेग आला त्याच वर्षीं, प्रसिद्ध केली. तिची युक्ति सुबक आहे. विषमज्वराच्या जंतूंशीं शरीर झगडूं लागलें म्हणजे रक्तांत त्या जंतूंना चिकटणारीं प्रतिपिंडें तयार होतात. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग राहतो तो मिठाच्या पाण्यानें दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत जावा, प्रत्येक नळींत मारलेल्या जंतूंचें मिश्रण घालावें, आणि कितीपर्यंत पातळ केलें तरी गुठळी धरते तें पाहावें. ऐंशींत एक, एकशेंसाठांत एक, असे जे आंकडे रिपोर्टावर येतात ते ह्या पातळपणाचे. इतकें पातळ करूनहि गुठळी धरली त्या अर्थीं प्रतिपिंडें पुष्कळ आहेत, एवढेंच त्यांवरून सिद्ध होतें.

आतां ह्यांतील हेत्वाभास पाहा. पहिल्या आठवड्यांत प्रतिपिंडें पुरेशीं तयार झालेलीं नसतात. म्हणून खऱ्या विषमज्वरांतहि परीक्षा पुष्कळदां निगेटिव्ह येते. उलट ज्याला हा ताप पूर्वीं येऊन गेला, ज्यानें लस टोंचून घेतली, किंवा ह्या जंतूंचा जेथें नेहमींचा वावर तेथें जो राहतो, त्याच्या रक्तांत तीं धडधाकट असतांनाहि असूं शकतात. आणि दुसऱ्याच कांहीं तापांतहि तीं डोकें वर काढतात. साध्य असलें तरी आहे आणि नसलें तरी आहे, अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. ह्यावरचा उपाय शास्त्रानें केव्हांच सांगून ठेविला आहे. रक्त एकदां घ्यावें, आठदहा दिवसांनीं पुन्हां घ्यावें, आणि आंकडा चौपट चढला तरच त्याला अर्थ द्यावा. किंवा औषध सुरू करण्यापूर्वीं रक्त काढून त्यांतील जंतु वाढवून पाहावे. दुसरा मार्ग जंतूलाच हजर करणारा म्हणून अधिक खात्रीचा. पण त्याला दिवस लागतात, पैसे लागतात, आणि इतकें करून खऱ्या रोग्यांपैकीं पुष्कळ त्यांतूनहि निसटतात.

दहा दिवस थांबणार कोण? ज्याचें पोट ऊसतोडीवर, त्याला दहा दिवस ही चैन आहे. रोग्याला नांव हवें असतें. "ताप आहे, कशाचा तें अजून सांगतां येत नाहीं" हें वाक्य ऐकून बाहेर पडणारा मनुष्य आपणांस कांहीं मिळालें नाहीं असें समजतो, आणि "टायफॉइड निघाला" हें ऐकून निघालेला अर्धा बरा होऊन घरीं जातो. डॉक्टरांना आंकड्याची किंमत ठाऊक नसते असें नाहीं. पुष्कळांना ती चांगली ठाऊक असते. पण अज्ञान कबूल करण्यापेक्षां कागद पुढें करणें दोघांनाहि सोयीचें पडतें. त्या सोयीचा खर्च कोण भरतो? ज्याला तो रोगच नव्हता त्याच्या पोटांत आठ-दहा दिवस प्रतिजैविक औषध जातें. खरा रोग डेंग्यू असो कीं क्षय, तो तोंवर आपलें काम करीत राहतो. आणि नको तेथें वापरलेलें तेंच औषध पुढें ज्याला खरोखर विषमज्वर होईल त्याच्या बाबतींत बोथट झालेलें असतें. हा शेवटचा मनुष्य कोण हें कोणालाच ठाऊक नसल्यामुळें त्याच्या वतीनें कोणी बोलत नाहीं. नीतिशास्त्रांत ह्या मनुष्याला जागा कोठें द्यावी ह्याचा विचार ज्यांना करावयाचा आहे त्यांनीं तो जरूर करावा.

समजा, परीक्षा निर्दोष आहे आणि जंतु निःसंशय सांपडला. तरीहि काम संपत नाहीं. रेघेवरून जंतु ही अनुमानाची एक पायरी. जंतूवरून रोग ही दुसरी, आणि दुसरी पायरी पहिलीहून निसरडी. न्यायाच्या ग्रंथांत एक नेहमींचें उदाहरण असतें. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें, पण अग्नीवरून धुराचें करतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघावयास ओलें सर्पण लागतें. हा ओलेपणा ती उपाधि. जंतु अग्नि धरला आणि रोग धूर धरला तर उपाधि आली कीं नाहीं हें कोणतीहि नळी सांगत नाहीं. ७ ऑक्टोबर १८९२ रोजीं म्यूनिचच्या पेटेनकोफर ह्या वृद्ध शास्त्रज्ञानें, कॉख म्हणतो तो पटकीचा जंतु एकटा कांहीं करूं शकत नाहीं हें दाखविण्यासाठीं, त्या जंतूंचें पाणी घटघटा पिऊन टाकलें. त्याला थोडेसे जुलाब झाले, एवढेंच. त्याचा सिद्धांत चुकीचा ठरला. त्याचा पेला मात्र अजून विचार करावयास लावतो. क्षयाच्या बाबतींत तर हा प्रकार घरोघरचा आहे. मिरज-सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामांत जे क्षयरोगी एके काळीं उपचारासाठीं येत, त्यांच्याहून कितीतरी पट अधिक माणसें तोच जंतु छातींत निजलेला घेऊन शेतांत राबत होतीं, आजहि राबत आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक कधींच आजारी पडणार नाहींत. हातावर टोंचून करावयाची माँटूची परीक्षा त्यांच्याहि हातावर उमटेल.

आणि जंतु असून रोग नसलेला मनुष्य दुसऱ्याला घातक असेल तर? न्यूयॉर्कांत स्वयंपाकाचें काम करणारी मेरी मॅलन ही आयरिश बाई १९०७ सालीं पकडली गेली ती अशी. तिला ताप नव्हता, दुखणें नव्हतें. पण ती ज्या घरांत रांधी तेथें विषमज्वर होई, आणि तिच्या मलांत जंतु सांपडले. तिनें स्वतः दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठविलेले नमुने निगेटिव्ह आले. तिला एका बेटावर ठेवण्यांत आलें. १९१० मध्यें स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर सोडलें. १९१५ मध्यें ती एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यांत सांपडली, आणि मग १९३८ सालीं मरेपर्यंत ती त्या बेटावर होती. आपण आजारी नाहीं हें तिचें म्हणणें खरें होतें. तिच्यामुळें दुसरे आजारी पडतात हें सरकारचें म्हणणेंहि खरें होतें. तिला दुसरा पोटभर धंदा कोणीं दिला असता तर दुसरी गोष्ट घडलीच नसती, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

आमच्या डोंगरावरचेंच एक अलीकडचें उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं महाबळेश्वरच्या एका गुहेंतलीं वटवाघुळें धरून तपासलीं. त्यांतील कांहींच्या रक्तांत निपाह विषाणूचीं प्रतिपिंडें मिळालीं, आणि हें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. प्रतिपिंड म्हणजे भिंतीवरची काजळी. येथें कधीं तरी चूल पेटली होती, एवढें ती सांगते. संशोधकांच्या दृष्टीनें ही मोलाची खबर होती. पण गुहेंतल्या काजळीवरून बाजारांत आग लागल्याची हाकाटी होण्यास एक वृत्तपत्रीय मथळा पुरतो.

इस्लामपुरास २०२० च्या मार्चअखेर जें घडलें तें ह्याहून जवळचें. परदेशच्या यात्रेहून परतलेल्या एका कुटुंबांतील चार जण कोरोनानें बाधित असल्याचें निष्पन्न झालें, आणि महिना संपतो न संपतो तों त्यांच्या संपर्कांतले धरून तो आंकडा पंचविसाच्या घरांत गेला. त्या वेळीं सांगली जिल्ह्यांत ही तपासणी होत नव्हती. नाकाघशांतला स्राव बर्फांत घालून सुमारें दोनशें किलोमीटर पुण्यास जात असे, आणि तिकडून शब्द येईपर्यंत गांव श्वास धरून बसे. पुढें मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सोय झाली. रोगाचा बंदोबस्त तेथें चांगला झाला, गांवानें तो मनावर घेतला, आणि बहुतेक रोगी बरे होऊन घरीं आले. परंतु त्या दिवसांत महाराष्ट्रभर, आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत, "पॉझिटिव्ह" ह्या शब्दाचें जें झालें तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. थेंबाविषयींचें विधान माणसाचें विशेषण झालें. "त्याचा नमुना पॉझिटिव्ह आला" हें लांबलचक पडतें. "तो पॉझिटिव्ह आहे" हें सुटसुटीत. मग "ते पॉझिटिव्हवाले" म्हणून घर ओळखलें जाऊं लागलें, दाराला पत्रे लागले, दूधवाला वळेनासा झाला. रोग दहा-पंधरा दिवसांत गेला, विशेषण रेंगाळलें.

विशेषण यंत्रानें दिलें नव्हतें. यंत्र काय करतें तें पाहण्यासारखें आहे. कोरोनाच्या विषाणूचा जो आनुवंशिक धागा, त्याची आधीं दुसऱ्या जातीच्या धाग्यांत नक्कल करतात आणि मग ती नक्कल पुन्हां पुन्हां दुप्पट करीत जातात. एकाचे दोन, दोनांचे चार. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची कथा. चोवीस फेऱ्यांत एका धाग्याचे सुमारें १ कोटी ६८ लक्ष होतात, पस्तीस फेऱ्यांत सुमारें ३,४३६ कोटी. कितव्या फेरीस वक्ररेषा वर चढली ह्यावरून मूळ माल किती होता हें अजमावतां येतें: लवकर चढली तर पुष्कळ, उशिरां चढली तर थोडा. पण धागा जिवंत विषाणूचा कीं मेलेल्याच्या अवशेषाचा, हें ह्या परीक्षेला कळत नाहीं. राखेलाहि ती अग्नि म्हणते. मनुष्य बरा होऊन हिंडूंफिरूं लागला तरी कित्येक आठवडे ती पॉझिटिव्ह येऊं शकते. भारतांत प्रथम नियम असा होता कीं चोवीस तासांच्या अंतरानें दोन नमुने निगेटिव्ह आल्याशिवाय रोग्यास घरीं सोडूं नये. ८ मे २०२० रोजीं तो पालटला: सौम्य रोग्यास लक्षणें दिसूं लागल्यापासून दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला तर पुन्हां न तपासतां सोडावें. नियम शहाणपणाचा होता. पण सात तारखेस जो खाटेवर डांबला होता आणि आठ तारखेस मोकळा झाला, त्याच्या रक्तमांसांत एका रात्रींत कांहींच घडलें नव्हतें. घडलें तें दिल्लींत, कागदावर, विचारान्तीं. मनुष्यानें विचार करून काढलेली रेघ आपण निसर्गानें काढलेली समजत होतों.

रेघ कोठें काढावी हा प्रश्न महाराष्ट्रानेंच पुढें स्पष्ट विचारला. २०२१ मध्यें दुसरी लाट चढत असतां राज्याच्या आरोग्य खात्यानें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस पृच्छा केली कीं, चोविसाव्या फेरीनंतर वर चढणारे नमुने निगेटिव्ह धरले तर? त्या एप्रिलांत उत्तर आलें कीं तसें करूं नये, संसर्ग पसरविणारे कितीतरी रोगी त्यानें निसटतील. पस्तीसपर्यंतचे पॉझिटिव्ह धरावे. ह्या पत्रव्यवहाराइतकें नीतिशास्त्राचें चांगलें पाठ्यपुस्तक आम्हांस अलीकडे आढळलें नाहीं. चोवीस आणि पस्तीस ह्यांमध्यें दोन हजार पटींचें अंतर आहे. रेघ चोविसावर काढली तर कांहीं घातक माणसें मोकळीं सुटतात. पस्तिसावर काढली तर कांहीं निरुपद्रवी माणसें कोंडलीं जातात. दोन्ही चुका टाळणारी रेघ अस्तित्वांत नाहीं. चूक कोणाच्या पदरांत घालावयाची एवढेंच आपल्या हातीं असतें, आणि तें ठरविण्याचें काम गणिताचें नव्हे.

रोग विरळ असला म्हणजे ह्या चुकीचें माप आणखी फुगतें. कल्पना करा कीं दहा हजार वस्तीच्या गांवांत दहाच जण बाधित आहेत, आणि परीक्षा अशी उत्तम कीं बाधित एकहि सुटत नाहीं व निरोगी शंभरांत एकालाच ती चुकून धरते. सरसकट सारें गांव तपासलें तर दहा खरे आणि जवळजवळ शंभर खोटे, असे एकशेंदहा लोक पॉझिटिव्ह निघतील. शंभरांत नव्याण्णव वेळां खरें बोलणाऱ्या साक्षीदारानें बोट दाखविलेल्यांपैकीं दहांतले नऊ निर्दोष! वर्गांत हें उदाहरण घातलें म्हणजे हुशार विद्यार्थीहि प्रथम फळ्याकडे संशयानें पाहतात. म्हणून लक्षणें पाहून, संपर्क विचारून, मग थेंब घ्यावयाचा, हा जुन्या वैद्याचा क्रम गणितालाहि मान्य आहे.

न्यायालयाचें धोरण आपणांस ठाऊक आहे: अपराधी सुटले तरी चालतील, निरपराध्यास शिक्षा होऊं नये. साथींत हें धोरण उलटें फिरवावें लागतें, आणि परिषदेनें तें फिरविलें तें योग्यच केलें असें आमचें मत आहे. परंतु ही फिरवाफिरव एका अटीवर समर्थनीय होते. ज्याला कोंडावयाचें त्याला ती शिक्षा होतां कामा नये. त्याच्या घरीं दाणे पोंचत असतील, त्याची मजुरी बुडत नसेल, शेजारीण दारावरून हांक मारीत असेल, तर चुकून कोंडल्या गेलेल्याचें दहा दिवसांचें नुकसान फार नाहीं, आणि रेघ खुशाल पस्तिसावर असावी. पण पॉझिटिव्ह निघणें म्हणजे नांव जाणें, काम जाणें, मुलांना शाळेंत टोमणे, असें असेल, तर तीच रेघ शेंकडों निरपराध्यांना दंड करणारी होते. आणि लोकांनाहि तें समजत असल्यामुळें ते नाक पुढें करीत नाहींत. १८९७ त जें छावणीच्या धाकानें झालें तेंच २०२० त पत्र्यांच्या धाकानें अनेक ठिकाणीं झालें: ताप अंगावर काढला गेला, खोकला लपविला गेला. परीक्षेची अचूकता किती, हें केवळ प्रयोगशाळेवर अवलंबून नाहीं. निकाल लागल्यावर गल्ली कशी वागणार ह्यावरहि ती अवलंबून आहे. यंत्र तेंच, रसायन तेंच. एका गांवीं त्याला खरे रोगी भेटतात आणि दुसऱ्या गांवीं भेटत नाहींत.

पुष्कळ रिपोर्टांच्या तळाशीं बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापलेली असते. हा निष्कर्ष रोग्याच्या लक्षणांशीं ताडून पाहावा, असा तिचा आशय. सबंध कागदावर, आपलें ज्ञान कोठें संपतें हें सांगणारें तेवढेंच एक वाक्य, आणि तें वाचतां येऊं नये अशा टाइपांत! ती ओळ डॉक्टरांस उद्देशून आहे. पण आतां कागद डॉक्टरांच्या आधीं रोग्याच्या मोबाइलवर येतो, तेथून भावाच्या, तेथून गांवच्या गटावर जातो, आणि सायंकाळपर्यंत डॉक्टर सोडून सर्वांनीं तो वाचलेला असतो. ती ओळ मराठींत, वरच्या बाजूस, मोठ्या अक्षरांत छापावी अशी आमची सूचना आहे. काय शोधलें, सांपडलें म्हणजे काय सिद्ध होतें, न सांपडलें तर काय सिद्ध होत नाहीं, आणि पुढें कोणास विचारावें, एवढीं चार वाक्यें. आम्हीं ही सूचना एका डॉक्टर स्नेह्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले कीं, इतकें लिहिलें तर लोकांचा रिपोर्टावरचा विश्वास उडेल. आम्हीं त्यांस विचारलें कीं, आतां जो आहे तो विश्वास कशावर आहे? त्यांच्या दवाखान्याबाहेर तेव्हां चाळीसएक माणसें बांकांवर बसलीं होतीं, बहुतेकांच्या हातांत कागद होते, आणि त्यांस उत्तर द्यावयास सवड नव्हती.